मोटरचा इंजेक्टर, हाताचा इंजेक्टर आणि तुमचा टॉर्क रेंच

नमस्कार काका,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. टीका असली तरी तुम्ही मुद्द्याला धरून लिहिलंत.

तुमचा आक्षेप थोडक्यात असा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कृत्रिम भिंग डोळ्यात सोडणारा इंजेक्टर मोटरचा असो की हाताचा, निकालात फारसा फरक पडत नाही, असं मी मागच्या लेखात म्हटलं. ते डॉक्टरांच्या सोयीचं आहे, असं तुमचं म्हणणं. कारखान्यात तुम्ही नट अंदाजाने आवळणं बंद करून टॉर्क रेंच आणलेत, मग डोळ्यासारख्या नाजूक जागी हाताचं एवढं कौतुक कशाला? शिवाय काकूंच्या वेळी ‘ऑटोमॅटिक इंजेक्टर’च्या पॅकेजचे जादा पैसे घेतले, ते काय उगाच?

आधी पॅकेजचं बघू. बिलावरचा जो मजकूर तुम्ही उतरवून पाठवलाय, त्यात ‘प्रीलोडेड, सिंगल यूज’ एवढंच आहे. ऑटोमॅटिक कुठेच नाही. प्रीलोडेड म्हणजे भिंग कंपनीतूनच इंजेक्टरमध्ये बसवून येतं. पण अशा बहुतेक इंजेक्टरचा दट्ट्या सर्जन हातानेच पुढे नेतो. खरोखर यंत्राने चालणारे मोजकेच आहेत. अल्कॉन कंपनीचा ऑटोसर्ट फेको मशीनला, म्हणजे मोतीबिंदू फोडून ओढून घेणाऱ्या यंत्राला, जोडतात, त्याची मोटर पायाच्या पॅडलवर चालते. त्याच कंपनीचा ऑटोनोमी कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालतो आणि वेग बोटाखालच्या खटक्याने कमी-जास्त होतो. काउन्सेलरने सगळे एकाच माळेत ओवले, दुसरं काही नाही.

तरी ते पैसे अगदीच पाण्यात गेले असं मी म्हणणार नाही, कारण खरा घोळ होतो तो भिंग भरताना. सिस्टर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे भिंग भरायच्या नळीत, व्हिस्को नावाची बुळबुळीत जेल सोडतात, चिमट्याने भिंग उचलतात, पालथं नाही ना हे बघतात, खाचेत ठेवतात आणि कार्ट्रिजचे पंख मिटतात. भिंगाला दोन लवचिक पाय असतात, त्यांना हॅप्टिक म्हणतात. मागचा हॅप्टिक दट्ट्याच्या टोकाशी चिमटला, तर तो तुटू शकतो किंवा भिंग डोळ्यात अर्धवट उलगडून अडकून बसतं. व्हिस्को कमी पडलं की भिंग नळीला घासतं. हायड्रोफोबिक, म्हणजे पाणी फारसं न शोषणाऱ्या, अ‍ॅक्रिलिकचं भिंग गार ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) ताठ होतं आणि घाई केली तर ओरखडा घेऊनच बाहेर येतं. भरण्यातल्या बऱ्याच चुका प्रीलोडेडमध्ये टळतात, भिंगाला बाहेरचा स्पर्शही होत नाही. मोटर मात्र यातलं काही निस्तरत नाही. चुकीचं भरलेलं भिंग ती तितक्याच शिस्तीत पुढे ढकलेल!

आता टॉर्क रेंच. तो जोर मोजतो आणि ठरलेला टॉर्क आला की खटका देतो. पॅडलने आपण मोटरला सांगतो तो वेग. पुढे काही अडकलंय का, हे मायक्रोस्कोपमधून बघून सर्जनलाच ठरवावं लागतं. हाताच्या इंजेक्टरमध्ये दट्ट्या स्क्रू फिरवून किंवा नुसता ढकलून (पुश) पुढे नेतात; स्क्रूच्या इंजेक्टरमध्ये ते बोटांना आधी कळतं. फेरा अचानक जड लागतो, मी थांबतो, अर्धा फेरा मागे घेतो, हॅप्टिक कुठे आहे ते बघतो. हाताचं माझं कौतुक एवढ्यापुरतंच.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो. स्क्रू फिरवायला दोन्ही हात गुंततात. पुश इंजेक्टर एका हाताने चालतो, पण प्रतिकार एकदम सुटला की भिंग झटक्यात आत जाण्याची भीती असते. मोटरने एक हात मोकळा राहतो आणि वेगही एकसारखा राहतो. 2.2 मिलिमीटरची चीर असेल, इंजेक्टरचं टोक पूर्ण आत न घालता नुसतं चिरेच्या तोंडाशी टेकवायचं असेल, तर दुसऱ्या हाताने डोळ्याला आधार द्यावा लागतो. तिथे हा मोकळा हात सोन्यासारखा. नवं भिंग ज्या पातळ पिशवीत बसतं तिला धरून ठेवणारे झोन्यूल्स नावाचे तंतू ढिले असतील तर धक्का न बसणं फार मोलाचं. नव्याने शिकणाऱ्यालाही मी मोटरच देईन.

पण अशी यंत्रं ठरावीक भिंगांसाठीच असतात. ऑटोनोमीमध्ये त्याच कंपनीचं क्लॅरिऑन भिंगच येतं. चांगलं भिंग आहे, पण इंजेक्टरचा हट्ट धरलात की भिंगाची निवड तिथेच संपते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आणि हाताचं म्हणजे मागासलेलं, असंही नाही. शिबिरांतून होणाऱ्या एसआयसीएसमध्ये, म्हणजे छोट्या चिरेतून हाताने करायच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये, इंजेक्टरच नसतो; 6 मिलिमीटरच्या आसपासच्या बोगद्यातून पीएमएमए या कडक प्लास्टिकचं न दुमडणारं भिंग सरळ चिमट्याने बसवतात, सहसा टाकाही लागत नाही. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992पासून अशी भिंगं स्वस्तात बनवायला घेतली आणि कितीतरी गरिबांना दिसायला लागलं.

राहिला पैशाचा टोमणा. महागडं उपकरण वापरून बिल वाढवणं डॉक्टरला जास्त सोयीचं की न वापरणं, हे तुम्हीच सांगा.

तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय असं लिहिलंत. भिंगाचा नंबर काढायला डोळ्याची मोजणी (बायोमेट्री) ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने मोजणाऱ्या, मशीनवर केली का, ते विचारा. भिंग कोणतं आणि तुमच्या डोळ्याला तेच का, हे विचारा. ऑपरेशननंतर भिंगाचं स्टिकर कार्डावर चिकटवून मागा आणि जपून ठेवा. आणि पिशवीचा मागचा पडदा फाटलाच तर सिंगल-पीस, म्हणजे पायांसकट एकसंध बनवलेलं, अ‍ॅक्रिलिक भिंग पिशवीच्या पुढच्या जागेत ठेवायचं नसतं. त्यासाठी थ्री-पीस, म्हणजे पाय वेगळे जोडलेलं, भिंग तुमच्या नंबरचं ओटीत तयार असेल का, एवढं नक्की विचारा. यावर डॉक्टर काय म्हणतात ते मलाही कळवा.