साडेतीन जीबीचं शहाणपण

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्रकाम करणारा, स्वतःची मेमरी असलेला भाग, घ्यायला निघालं की जो भेटेल तो एकच विचारतो : किती जीबीचं? खोक्यावर मोठ्या अक्षरात तेवढंच छापलेलं असतं, त्याला कोण काय करणार!

मुलगी आर्किटेक्चरला. ‘आई, रेंडर लावला की कॉम्प्युटर माना टाकतो,’ ही तिची कायमची तक्रार. रेंडर म्हणजे आराखड्यावरून इमारतीचं खरं वाटेल असं चित्र काढणं. तिच्या बाबांनी बजेट ठरवलं आणि त्यात कार्ड बसवायचं काम माझ्याकडे सोपवलं, कारण बँकेत असल्यामुळे बारीक टाइप वाचायची मला सवय आहे म्हणे.

मी आधी हिशोब मांडला. पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा. ठिपक्याला चार बाइट. उत्तर आलं साधारण ८ एमबी.

‘अगं, ८ एमबीचं काम. तुला ८ जीबी कशाला?’

‘आई, ते वाढलेलं ताट झालं. ओट्यावरचा पसारा कुठे धरलास?’

हे मात्र मला पटकन समजलं. विटांच्या भिंतीचा ४०९६ गुणिले ४०९६ चा एक फोटो, दाबून लहान केला नाही तर एकटाच ६४ एमबी जागा अडवतो. मग फरशी, गवत, झाडं, आणि आर्किटेक्टच्या चित्रात हवाच असतो तो काचेचा दर्शनी भाग. हे सगळं कार्डाच्या ओट्यावर हाताशी लागतं. ओटा भरला की उरलेलं सामान माळ्यावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये. आम्ही शेवटी घेतलं त्या कार्डात, तिथून खाली यायचा रस्ता सेकंदाला फार तर ३२ जीबीचा आणि ओट्यावरचा वेग ३६० चा. फोडणी करपणारच.

एवढी तयारी करून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर शिरलो. पहिल्याच दुकानदाराने दोन खोकी समोर ठेवली. ‘मॅडम, हे जीटी १०३०, दोन जीबी. आणि हे जीटी ७३०, चार जीबी. डबल!’ दुप्पट या शब्दावर मध्यमवर्गाचा जीव असतो, हे त्याला पक्कं ठाऊक. मी चष्मा लावला. चारवाल्याची मेमरी संथ डीडीआर३ जातीची, दोनवाल्याची वेगवान जीडीडीआर५, सेकंदाला ४८ जीबी. म्हणजे चारवाल्याचा ओटा लांबलचक, पण सामान सरकणार गोगलगायीच्या गतीने. बरं, दोनवालंही डोळे मिटून उचलायची सोय नाही. २०१८ मध्ये त्याच जीटी १०३० नावाने डीडीआर४ चं कार्ड आलं, त्याचा वेग १६.८. नाव तेच, जीबी तेवढेच आणि वेग जेमतेम एक तृतीयांश. आमच्या बँकेत एका नावाचे दोन खातेदार निघाले की आम्ही निदान पॅन कार्ड तरी मागतो.

या खात्यातला सगळ्यात मराठमोळा प्रकार म्हणजे जीटीएक्स ९७०. २०१४ चं कार्ड, खोक्यावर ४ जीबी. पुढे लोकांनी तपासलं तर साडेतीन जीबी वेगाने पळणारे आणि शेवटचा अर्धा रखडत चालणारा. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि २०१६ मध्ये ही कार्डं काढणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने तिथल्या ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर देऊन ते मिटवलं. आपल्याकडे असतं तर कोर्टाची गरजच पडली नसती. साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. नाना फडणवीस तलवार चालवत नसत म्हणून त्यांना अर्धे धरलं असं सांगतात, तरी त्यांच्यावाचून कुणाचं पान हललं नाही. त्यांच्या शेजारी आणखी एक अर्धा आपण सहज खपवून घेतला असता.

शेवटी गाडी आरटीएक्स ३०६० वर आली. १२ जीबी. स्वस्त कार्डाला हे बारा कुठून, अशी मला शंका. तर मेमरीची एकेक चिप ३२ बिटचा रस्ता धरते आणि या कार्डाचा एकूण रस्ता (जाणकार त्याला ‘बस’ म्हणतात) १९२ बिट, म्हणजे चिपा सहा. एकेक जीबीच्या लावल्या तर सहा, दोन-दोनच्या लावल्या तर बारा. कुणाचं औदार्य नव्हे, साधा पाढा. पण इथेही जुळा भाऊ आहेच : ८ जीबीचं ३०६०, रस्ता १२८ बिट, वेग ३६० चा २४० वर. दुकानदार म्हणाला, ‘ताई, ३०६० म्हणजे ३०६०!’

जुना माल घ्यायचाही मोह झाला. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून नाणी कमावणं, बंद पाडलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. ‘एकदम नया जैसा’ या तीन शब्दांवर माझा बँकेत असल्यापासून विश्वास नाही. नवंच घेतलं. शिवाय ते १७० वॅट खाणार आणि ते बसतं तो स्लॉट देणार ७५, म्हणून उरलेली वीज पुरवायला एसएमपीएसही नवा. बजेट तिथेच वारलं.

बिलावर मी ‘१२ जीबी, १९२ बिट’ असं लिहून मागितलं. दुकानदाराने पोऱ्याकडे पाहिलं, पोऱ्याने माझ्या मुलीकडे आणि मुलीने रस्त्याकडे.

रविवारी शेजारचे काका आले. ‘किती जीबीचं?’

‘बारा. पण काका, खरं म्हणजे त्याची बस...’

‘बाराच? आमच्या नातवाच्या लॅपटॉपला सोळा दाखवतं, आणि त्याच्यात कार्डच नाही!’

ते सोळा त्याच्या ३२ जीबी रॅममधले निम्मे, उसने दाखवलेले असतात, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून मुलीचे बाबा म्हणाले, ‘बघ, मी म्हणत नव्हतो लॅपटॉप घे?’