इच्छा होती हो त्याची, खाट कुठे होती?

"आधी दारू सोडायची त्याची स्वतःची इच्छा पाहिजे हो, ताई." हे वाक्य यापुढे मला जो कोणी ऐकवेल त्याला माझ्या तोंडून खरंच काहीतरी वेडंवाकडं जाणार आहे. डॉक्टरांनी ऐकवलं, मेडिकलवाल्याने ऐकवलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने तर लिफ्टमध्ये गाठून ऐकवलं. अहो, होती ना इच्छा! रात्रभर ओकून पिवळा पडलेला माझा नवरा पहाटे बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून स्वतःच्या तोंडाने म्हणाला, "मला कुठेतरी ॲडमिट कर." हात असे थरथरत होते की कप बशीवर वाजत होता. दारू पिणाऱ्याची इच्छा आमच्या नळाच्या पाण्यासारखी असते. येते तेव्हाच भरून घ्यावी लागते, नाहीतर गेली.

मी फोन घेऊन बसले. पहिल्या व्यसनमुक्ती केंद्रात जो कोणी बोलला त्याने किती पितो, किती वर्षं पितो, कधी फिट आली होती का, यातलं एक अक्षर विचारलं नाही. "मॅडम, जनरल की स्पेशल?" महिन्याला पंचवीस हजार, तीन महिने कम्पल्सरी, डिपॉझिट वेगळं, औषधं वेगळी, रक्ताच्या तपासण्या वेगळ्या. "पेशंट येत नसेल तर आमची मुलं येऊन उचलून नेतील, गाडीचे आठ हजार." तो स्वतःच यायला तयार आहे म्हटल्यावर गडी जरा हिरमुसलाच. डॉक्टर रोज असतात का? "व्हिजिटला येतात." मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? "सगळं आहे मॅडम, तुम्ही फक्त घेऊन या." माझा पगार किती, त्याचा कापून हातात येतो किती, घराचा हप्ता किती, हा हिशोब मी तुम्हाला सांगत बसत नाही. पंचवीस हजार ऐकून मी फोन ठेवला एवढं समजून घ्या.

दुसरं केंद्र सरकारी अनुदानावरचं, फुकट. बाई बोलायलाही चांगली. पण खाट रिकामी नाही. "नाव लिहून ठेवते, जागा झाली की कळवते."

मग सरकारी दवाखाना. मानसोपचाराची ओपीडी सकाळची, म्हणजे दोघांच्याही रजा. केस पेपर, रांग, आणि रांगेत हा घामाने निथळतोय, दर पाच मिनिटांनी "जाऊ या घरी" म्हणतोय. आतले डॉक्टर भले होते, खोटं कशाला बोलू. पण दारू उतरवण्यासाठी वेगळे बेड नाहीत, मेडिसिन वॉर्डात मिळतो का बघा म्हणाले. मिळाला. सलाईन, व्हिटॅमिन बी-वनची इंजेक्शनं, झोपेची गोळी, आणि हात थांबल्यावर डिस्चार्ज. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी दोन शब्द: "दारू बंद." झालं! एवढं सोपं होतं तर मी इतकी वर्षं झक मारत होते काय?

फुकटच्या केंद्रातून फोन आला तोवर नळ गेलेला होता. "मला काय धाड भरलीय? तूच जा तिकडे."

आता कोणीतरी म्हणणारच, मुक्तांगणला का नाही नेलंस? प्रत्येक जण हेच म्हणतो. मुक्तांगणबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात ते व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैसा दिला, हजारो संसार तिथे सावरले. माझा राग वेगळाच आहे. चाळीस वर्षं होत आली आणि एवढ्या मोठ्या राज्यात लोकांच्या तोंडी अजून तेच एक नाव कसं? दोन भल्या माणसांनी केलेल्या कामावर सरकारने किती पिढ्या पोट भरायचं? आणि पुण्याला महिनाभर ठेवायचं म्हणजे फी परवडली तरी महिन्याचा पगार बुडाला, तो कोण देणार?

म्हटलं, मेडिक्लेम आहे. इतकी वर्षं हप्ते भरतोय. पॉलिसी काढून वाचली. अपवादांच्या यादीत बारावा नंबर: दारूचं व्यसन, अमली पदार्थ किंवा कोणतंही व्यसन यावरचे उपचार, आणि त्याचे परिणाम. परिणामसुद्धा! म्हणजे उद्या लिव्हर गेलं तरी हात वर. हा अपवाद एकट्या आमच्या कंपनीचा नाही, विमा नियामकाने सगळ्यांना घालून दिलेल्या साच्यातलाच आहे. आणि २०१७चा मानसिक आरोग्य कायदा काय म्हणतो? दारूच्या व्यसनातून होणारे विकार हे मानसिक आजारांत धरा, आणि मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्या. दोन्ही कागद दिल्लीनेच मान्य केलेले. एकमेकांना भेटले नाहीत वाटतं.

राज्याचं तर बोलूच नका. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्याकडे प्यायला आजही परवाना लागतो, आणि तो "आरोग्य राखण्यासाठी" म्हणून दिला जातो. हसू नका, खरंच आहे. त्या आरोग्यातून राज्य उत्पादन शुल्क खातं वर्षाला वीस हजार कोटींच्या वर गोळा करतं. २०१९ मध्ये एम्सच्या देशभराच्या सर्व्हेचा अहवाल आला, त्यात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकाला कसलातरी उपचार मिळालेला. दाखल होऊन उपचार १८० मध्ये एकाला. या सगळ्यांची इच्छाच नव्हती म्हणायचं का?

आणि मग ही पोकळी कोण भरतं? लोकलच्या लेडीज डब्यातले स्टिकर. "पेशंटला न सांगता दारू सोडवा." वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तसल्या पावडरीची पुडी आणून हातात दिली, डाळीत घाल म्हणाल्या. पुडीवर ना नाव ना गाव. डॉक्टरांना दाखवली तर ते उडालेच. असल्या पुड्यांत डायसल्फिराम निघू शकतं, दारू सोडवायला डॉक्टर देतात ते औषध. ते पोटात असताना माणूस नकळत प्याला तर बीपी कोसळतं, जीवही जाऊ शकतो. दीर म्हणतो, खोलीत कोंडून घाल चार दिवस. अरे, रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली की फिट येते, भ्रम होतो, त्यातही माणसं जातात. हे मला माहीत असायला हवं, दिराला नको, सासूबाईंना नको, कारण "बायको खंबीर असली की नवरा सुधारतो."

फुकट आणि खरं असं मला एकच सापडलं: अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या मीटिंग, आणि घरच्यांसाठी तशाच अल-अनॉनच्या. फी नाही, शेवटी डबा फिरतो, जमलं तर टाका. तिथे कोणी मला खंबीर हो म्हणालं नाही, तेवढ्यावरच मी टिकून आहे. १४४४६ हा सरकारी फोनही फुकट आहे, जवळचं केंद्र सांगतात. खाट मात्र फोनवर मिळत नाही.

मला नशामुक्तीची शपथ नको, रॅली नको, शाळेतली चित्रकला स्पर्धा तर अजिबात नको. प्रत्येक सरकारी दवाखान्यात दहा खाटा ठेवा, ज्या त्याच दिवशी मिळतील. आणि ओपीडी संध्याकाळी ठेवा. वाइन शॉप रात्री दहापर्यंत उघडं राहू शकतं, तर तुमचा एक डॉक्टर आठपर्यंत का बसू शकत नाही?