‘किल्लारीला कुठे लागलं होतं समुपदेशन?’

सप्टेंबर संपत आला की हा मजकूर फिरायला लागतो: ‘१९९३ला किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. कुणी समुपदेशकाकडे गेलं नाही, तरी लोक उभे राहिले. पीटीएसडी (म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात घर करून राहणारा आजार) हे परदेशी खूळ आहे. काळ हेच औषध. बोललं की जखम उकरली जाते, आणि गोळ्या लागल्या की सुटत नाहीत.’ खाली शंभर नमस्कार.

कुणी समुपदेशकाकडे गेलं नाही, हे विधानच खोटं आहे. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास, विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं त्यांच्या अंगावर आली. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ त्या गावांत गेले आणि भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा रीतसर अभ्यासही झाला. नवी पक्की घरं मिळूनही कित्येकांना छताखाली झोपायचं धाडस होईना, ते शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्येच निजत. ‘धसका घेतलाय’ म्हणून आपण तो विषय मिटवला, एवढंच.

हे मात्र मान्य, की बहुतेक माणसं आपली आपण सावरतात. पहिल्या काही आठवड्यांत दचकणं, वाईट स्वप्नं पडणं, झोप उडणं हे होणारच. म्हणून तर महिना उलटल्याशिवाय पीटीएसडीचं निदान करत नाहीत. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

‘परदेशी खूळ’ याबद्दल फार लिहायची गरज नाही. हे नाव १९८०मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत आलं आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते, हे खरं. पण भीती काही व्हिसा काढून येत नाही. अपघात, बलात्कार, घरातली मारहाण यानंतरही हा आजार होतो, आणि तो पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो.

आता ‘काळ हेच औषध’. हे वाक्य ऐकायला गोड आणि सगळ्यात घातक. ट्रक गेला, पत्रा थरथरला आणि छातीत धडधडलं, की माणूस उठून अंगणात येतो. लगेच बरं वाटतं. मेंदू मात्र शिकतो, ‘बाहेर पळालो म्हणून वाचलो.’ दुसऱ्या दिवशी तो घरात शिरायलाच कचरतो, मग लग्नाच्या हॉलमध्ये, मग देवळाच्या गाभाऱ्यात. आत थांबूनही काही होत नाही, हे कळायची संधीच तो स्वतःला देत नाही. अशी वीस वर्षं गेली तरी आजार तसाच राहू शकतो.

‘बोललं की जखम उकरते’ यात थोडं तथ्य आहे. दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोळा करून एकदाच ‘मन मोकळं करा’ म्हणण्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, असं संशोधनातून दिसलंय. उपचार म्हणजे ते नव्हे. प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर या पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका होतात. माणूस डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो: ‘भिंत हलतेय, मी आईला हाक मारतोय.’ त्याचं रेकॉर्डिंग तो घरी रोज ऐकतो. सोबत, टाळलेल्या गोष्टींची यादी करून प्रत्येकीला शंभरपैकी भीतीचे गुण देतात आणि चढत्या क्रमाने सुरुवात होते: आधी दिवसा दार उघडं ठेवून घरात बसायचं, पुढे कधीतरी रात्री दार लावून झोपायचं. आठवण पुसली जात नाही, पण तिचा दरारा ओसरतो. ईएमडीआर, म्हणजे तो प्रसंग आठवत असताना डोळे ठरावीक पद्धतीने हलवायला सांगणारी, ही दुसरी मान्यताप्राप्त पद्धत. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, काहीजण मध्येच सोडतात. पण ‘काळावर’ सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

राहिल्या गोळ्या. पीटीएसडीसाठी सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटीन अशी औषधं देतात. त्यांचं व्यसन लागत नाही. फक्त ती एकदम तोडायची नाहीत, डॉक्टर सांगतील तशी कमी करायची. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, आणि गंमत म्हणजे ‘झोपेची एखादी द्या’ म्हणून घराघरांत पोचलेली गोळी बहुधा तीच असते. पीटीएसडीवर ती सहसा देऊ नये, असंच मार्गदर्शक सूचना सांगतात.

कुठे विचारायचं हे सुचत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.