खुलासा: उसळलेलं विमान पुढे दाबून 'बसवायचं' नसतं

बारामती, गोंदियाकडे पायलटचं शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'लँडिंगला सेस्ना उसळली तर कंट्रोल लगेच पुढे दाबा, विमान बसतं.' पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण सल्ला चुकीचा आणि धोक्याचा आहे.

सेस्ना १७२ या छोट्या शिकाऊ विमानाची मागची दोन चाकं आधी टेकायला हवीत. नाक दाबलं की पुढचं चाक आधी आपटतं, विमान पुन्हा वर जातं, विद्यार्थी पुन्हा दाबतो आणि उसळ्या वाढत जातात. पुढच्या चाकाचा दांडा इंजिनामागच्या फायरवॉलला, म्हणजे पत्र्याच्या भिंतीला, जोडलेला असतो. तो पत्रा चुरगळतो, प्रोपेलरची पाती धावपट्टीला घासून वाकतात. चाक मात्र वरवर धड दिसू शकतं, त्यामुळे असं लँडिंग मेकॅनिकला सांगायलाच हवं.

अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेचं 'एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक' नेटवर फुकट मिळतं. त्यानुसार उसळी किरकोळ असेल तर नाक लँडिंगच्या स्थितीत धरून थोडी पॉवर द्यायची. मोठी असेल तर पूर्ण पॉवर आणि सरळ गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जायचं. नुसतं नाक वर धरून पॉवर न देणंही चूकच. वेग संपतो, विमान धपकन पडतं. मेसेज बहुधा याच भीतीतून निघाला असावा.

मूळ दुखणं बरेचदा जादा वेगाचं असतं. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण खाली असताना लँडिंगसाठी येण्याचा वेग १७२ एस या मॉडेलच्या पुस्तिकेत ६० ते ७० नॉट (ताशी सागरी मैल) दिलाय.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.