चिटणीस साहेब, तो लेख मीच लिहिला आहे

आज सकाळी गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवून उभी असताना आमच्या इथल्या एका मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. मंडळाचे नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या कोजागिरीला मी यंदाही जाणार आहे. त्यांच्या स्मरणिकेसाठी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यावर मी एक लेख पाठवला होता, तो समितीने परत करायचे ठरवले आहे. लेख आवडला नाही असे नव्हे. "ताई, लेख उत्तमच आहे, पण तो तुम्ही लिहिलेला नाही, फोनला सांगितलेला आहे. लेख स्वतः लिहिलेला असावा, असा यंदा नियम केला आहे," असे त्यांनी अत्यंत गोड आवाजात सांगितले. मी "बरे" म्हणून फोन ठेवला, उतू गेलेले दूध पुसले, आणि तेव्हापासून जे उत्तर डोक्यात घोळत आहे ते इथे उतरवत आहे. ही पोस्टदेखील मी फोनशी बोलूनच लिहिली आहे (मी बोलते आणि फोन ते अक्षरांत उतरवतो), हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नियम पाळायचा आहे त्यांनी इथेच थांबावे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, मी ३१ वर्षे इथल्या एका सरकारी कचेरीत स्टेनो होते. साहेब कधी खुर्चीत बसून, कधी येरझाऱ्या घालत, कधी तोंडात पान धरून बोलत, आणि मी ते पिटमनच्या लघुलिपीच्या रेघांत पकडून, मग यंत्रावर टंकून, सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवत असे. माझ्या नोकरीत असे सात साहेब झाले. त्या ३१ वर्षांत "हे पत्र साहेबांनी लिहिलेले नाही, बोललेले आहे" अशा शेऱ्यासह एकही पत्र परत आल्याचे मला आठवत नाही. उलट, "साहेबांनी काय कडक पत्र लिहिले!" असेच सगळे म्हणत, आणि त्यात मलाही कधी वावगे वाटले नाही, कारण पत्र त्यांचेच होते. मग साहेब बोलले तर ते लिहिणे आणि स्टेनो बोलली तर ती बडबड, असे काही आहे काय?

आणि हा नियम मला ऐकवणारे पद कोणते, तर चिटणीस! दुसऱ्याने सांगितलेला मजकूर कागदावर उतरवणे हेच ज्या पदाचे मूळ काम, त्या पदावर बसून हे ऐकवायचे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पत्र लिहून व्हायचे राहिले होते, महाराजांनी वाचायला सांगितले, आणि बाळाजींनी कोरा कागद हातात धरून ते न अडखळता वाचून दाखवले. खरे-खोटे इतिहासकार पाहतील. पण शाई लागण्यापूर्वीच मजकूर पुरा झालेला असू शकतो, एवढे तर ती गोष्ट रचणाऱ्यालाही उमगले होते.

मला आज सकाळपासून राहून राहून एक पत्र आठवत आहे. १९८६ सालचा मे महिना होता. साहेब मूळचे इथलेच, बाबाजीपुऱ्यात वाढलेले मराठी गृहस्थ, पण कचेरीच्या रिवाजाप्रमाणे मला 'बेन' म्हणत. त्या दिवशी पाच वाजून गेल्यावर त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "ताई, एक घरगुती पत्र आहे. मी तीन दिवस हाताने लिहायला बसतो आहे, होत नाही." सांगलीचे त्यांचे थोरले बंधू वारले होते आणि वहिनींना लिहायचे होते. मी नोटबुक उघडले. त्यांनी सवयीने सुरुवात केली, "तीर्थरूप सौ.", आणि ते थांबले. मीही थांबले. पंखा फिरत होता, बाहेर रावपुऱ्याच्या बाजूने वाहनांचे आवाज येत होते, आणि माझी पेन्सिल त्या 'सौ.' च्या पुढे कागदावर टेकलेली होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग ते पुढचे सगळे पत्र एका दमात बोलले, आणि ते मी आजही इथे लिहिणार नाही.

कचेरीत यंत्रे होती ती इंग्रजी आणि गुजराती, मराठीचे नव्हते. त्यामुळे ते पत्र मी घरी आणून रात्री माझ्या हस्ताक्षरात लिहिले. आता समितीचा नियम लावून पाहा. ज्या बाईने सांगली कधी पाहिली नाही, त्या वहिनींना कधी पाहिले नाही, तिने स्वतःच्या हाताने लिहिले म्हणून ते पत्र तिचे ठरते, आणि ज्यांचा भाऊ गेला त्यांचे ते ठरत नाही. हे पटते का कोणाला?

बरे, फोनवरचे संभाषण तिथेच संपले असते तर मी इतके लिहिलेही नसते. निरोप घेताना चिटणीस म्हणाले, "तुमच्या हाताचे आम्हांला आधी माहीत असते तर अपवाद केला असता." इथे मात्र माझ्या अंगाची लाही झाली. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी झीज झाली आहे, हे खरे आहे. जुन्या यंत्राची जड बटणे ३१ वर्षे ठोकल्याचे हे बक्षीस, असे मी समजते. डॉक्टर वयाचे म्हणतात. फोनच्या इवल्याशा पाटीवर जोडाक्षरे जुळवताना दहा मिनिटांत ठणका लागतो. पण म्हणून मला दयेचा कोटा नको आहे. जे मी केले ते लिहिणे असेल तर सर्वांसाठी लिहिणे आहे, आणि नसेल तर माझ्या अंगठ्यामुळे ते लिहिणे होत नाही. माझ्या शेजारच्या धडधाकट मुलीनेही पोळ्या लाटता लाटता लेख सांगितला तर तो लेखच आहे.

समितीतल्या कोणी हे प्रकरण कसे चालते हे पाहिले आहे, असे मला वाटत नाही. त्यांची कल्पना अशी दिसते की आपण आरामखुर्चीत पडून बोलायचे आणि यंत्र लेख बनवून देते. अहो, यंत्र फक्त ऐकते, आणि तेही माझ्यासारखेच अर्धे ऐकून अर्धे ओळखते. पिटमनच्या लघुलिपीत 'ट' आणि 'ड' ची रेघ एकच, उभी. एक बारीक आणि दुसरी ठळक, एवढाच फरक. वेगात ठळकपणा हरवतो, स्वरांचे ठिपके तर घालायचेच राहतात. मग टंकताना मागचापुढचा शब्द पाहून ठरवायचे की इथे काय असेल. यंत्राचेही तेच आहे. ते आवाजाचे बारीक बारीक तुकडे करते, प्रत्येक तुकडा कशाचा असू शकेल याचा अंदाज बांधते आणि शेजारच्या शब्दांवरून सर्वांत संभाव्य वाटेल तो शब्द छापते. १९५२ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत 'ऑड्री' नावाचे यंत्र झाले, त्याला शून्य ते नऊ एवढे अंकच ओळखता येत, तेही आधी जुळवून घेतलेल्या आवाजाचे. पुढे शब्दाशब्दामध्ये थांबून बोलावे लागे. सलग बोललेले उतरवणारी प्रणाली घरच्या संगणकासाठी विकत मिळू लागली ती १९९७ मध्ये. फोनवर मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ च्या ऑगस्टमध्ये आली, आणि त्याच दिवशी गुजरातीचीही आली, याचा बडोदेकर म्हणून मला विशेष आनंद झाला होता.

पण आनंद पुरता टिकला नाही, कारण या यंत्राला आमची बडोद्याची मराठी कळत नाही. ते ज्यांची मराठी ऐकून शिकले ते बहुधा कधी ओटल्यावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलेले नसावेत. मी 'हिंचक्यावर', म्हणजे झोपाळ्यावर, म्हटले की ते 'हिसक्यावर' लिहिते, त्यामुळे लेखात आमचे आजोबा दुपारभर हिसक्यावर बसून पेपर वाचत होते. ते मी दुरुस्त केले. आता जे सांगणार आहे ते सांगताना मला थोडे कसेसे होते, पण सांगते. समितीला हा लेख बोलून लिहिला आहे हे कळले कसे? माझ्या लेखाच्या चौथ्या परिच्छेदात "संध्याकाळी आम्ही साऱ्या जणी हॉटेलवर बसून पापडी निवडत असू" असे वाक्य राहून गेले होते. मी 'ओटल्यावर' म्हणाले होते. दांडिया बाजारातल्या सोवळ्याओवळ्याच्या वाड्यातल्या माझ्या आजीला मी हॉटेलवर बसवून पापडी निवडायला लावली. समितीत कोणीतरी हसले असणारच, आणि त्यांचे हसणे योग्य होते. गेल्या वर्षी असे अनेक लेख आले आणि मुद्रिते तपासणाऱ्याचे हाल झाले, असेही चिटणीसांनी सांगितले. तेही खरे असेल.

पण मग नियम असा करा ना, की लेख नीट वाचून पाठवा. न तपासलेला लेख परत पाठवा, मी तक्रार करणार नाही. बोटांनी टंकलेल्या लेखांत कमी चुका असतात काय? आणि 'ओटला' हा शब्द कापून 'ओटा' करा, असे जर कोणी उद्या सुचवले तर तेही मी ऐकणार नाही. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातले शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडणारा 'श्री सयाजी शासन कल्पतरू' १९३१ मध्ये छापवला, त्या शहराच्या मराठीत एक ओटला गुजरातीतून आला म्हणून काही बिघडत नाही.

दुसरीही एक अडचण आहे, आणि ती मला यंत्रापेक्षा माझीच वाटते. आपण बोलताना 'केलं', 'गेलं', 'सांगितलं' म्हणतो आणि लिहिताना 'केले', 'गेले', 'सांगितले'. यंत्र जसे बोलू तसे उतरवते. त्यामुळे मला लिहायचे असेल तर तसे बोलावेही लागते. आमचा नातू म्हणतो की आजी गॅलरीत उभी राहून आकाशवाणीच्या बातम्या देते. पहिले काही दिवस मला स्वतःचीच लाज वाटत असे. पण हळूहळू ध्यानात आले की वाक्य तोंडातून काढण्यापूर्वी ते शेवटच्या क्रियापदापर्यंत मनात धरून ठेवावे लागते, आणि हे काम साहेब लोक कसे करत असतील याचा मी ३१ वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. मला वाटे, कष्ट माझे आणि सही त्यांची. आता कळते की पान तोंडात धरून का होईना, ते काहीतरी अवघड करत होते. हे मान्य करायला वयाची सत्तरी जवळ यावी लागली.

दुपारी मी एक वेडेपणा केला. ते १९८६ चे वाक्य फोनला सांगून पाहिले. "तीर्थरूप सौ." म्हटले आणि थांबले. काही क्षणांतच माईकचे चिन्ह विझले. पडद्यावर 'तीर्थरूप सो' एवढे उमटले होते. यंत्राला शांतता म्हणजे बोलणे संपले असे वाटते. मला त्याचा राग आला नाही, उलट थोडे हसू आले. पण चिटणीसांच्या बाजूची एक गोष्ट मी मान्य करते, की यंत्र हे स्टेनो नव्हे. ते माणसाच्या थांबण्याची वाट पाहत नाही, आणि "साहेब, इथे 'हॉटेल' कसे येईल?" असे विचारतही नाही. म्हणून बोलून लिहिणाऱ्याला आधी साहेब व्हावे लागते, मग नोटबुक घेऊन स्वतःच्याच समोर बसावे लागते. माझा दुसरा भाग त्या लेखात कच्चा राहिला, एवढा दोष माझा. तेवढ्याने लेख माझा नाही असे होत नाही.

ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणारी ओवी आपल्या सर्वांना पाठ आहे. शके बाराशे बाराचा उल्लेख करून ती सांगते की टीका ज्ञानेश्वरांनी केली आणि सच्चिदानंदबाबा आदराने 'लेखकु' झाले. तिथे 'लेखकु' म्हणजे उतरवून घेणारा. लेखक या शब्दाचा अर्थ तेव्हा माझ्या नोकरीचा होता! स्टेनो म्हणून मला या ओवीचा फार अभिमान वाटत आला आहे, आणि तरीही ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांची आहे असे म्हणण्याचा मोह मला कधी झालेला नाही.

लेख मी आज संध्याकाळी पुन्हा पाठवला आहे. तीन वेळा मोठ्याने वाचला, ओटला जागेवर आणला, आजोबांना हिंचक्यावर बसवलेलेच होते. 'फोनला सांगून लिहिलेला' असे शेवटी माझ्या नावाखाली स्वच्छ घातले आहे. छापायचा की नाही ते समितीने पाहावे.

त्या पत्राचे सांगायचे राहिले. रात्री जेवणे उरकल्यावर मी ते लिहायला बसले तेव्हा मायन्यातल्या त्या 'सौ.' पाशी माझाही हात थांबला. ते तसेच ठेवता येत नव्हते. रिवाजाप्रमाणे तिथे 'गं. भा.' लिहायला हवे होते, पण साहेबांनी ते उच्चारले नव्हते आणि माझ्याच्याने ते लिहवेना. मी नुसते 'तीर्थरूप वहिनीस' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पत्र दोनदा वाचले, मायन्यावर बोट ठेवून थोडे थांबले, आणि काही न विचारता सही केली.