अकरा आठवड्यांत किती बॉडी होते?

"मामा, गणपतीला अकरा आठवडे आहेत. तोवर बॉडी व्हायला पाहिजे बघा."

जूनच्या सुरुवातीला भाचा माझ्याकडं राहायला आला. गाव खानापूर तालुक्यात, नोकरी इथं बेळगावात, उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या भागात. वय १९, वजन ५४ किलो. त्यानं मोबाइलवर साडेचार हजारांचा पावडरचा डबा दाखवला आणि गल्लीत मिळालेलं एका जिमचं पत्रक माझ्या हातात दिलं. नव्वद दिवसांत दहा किलो मसल, असं त्यावर छापलेलं. पहिला पगार डब्यात घालायची त्याची तयारी होती. मीही त्याच वयात पहिले दोन पगार असेच घातले होते. तीन महिन्यांत माझं वजन सात किलो वाढलं, त्यातलं बहुतेक पोटावर. छाती होती तेवढीच राहिली. म्हणून हे सविस्तर लिहितोय. घरात अठरा-वीस वर्षांचा पोरगा असेल तर शेवटपर्यंत वाचा.

लवकर बॉडी होते का? होते, आणि ज्यानं आयुष्यात कधी वजन उचललेलं नाही त्याची सगळ्यात लवकर होते. पण या 'लवकर'लाही मर्यादा आहे. नवा पोरगा, खाणं चांगलं, झोप चांगली, व्यायाम नेमानं, असं सगळं जुळलं तर महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू वाढतो. दहा किलो वाढवून देतो म्हणणारा तुमच्या पोराच्या अंगात पाणी नाहीतर चरबी भरणार, किंवा त्याहून वाईट काहीतरी. त्या वाईटाबद्दल शेवटी लिहितो.

भाच्याला म्हटलं, आठवड्याला पाव किलो. अकरा आठवड्यांत पावणेतीन किलो. त्याचं तोंड उतरलं. मग त्याला खाशाबा जाधवांचं सांगितलं. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं ते ५७ किलोच्या गटात. सत्तावन्न किलोचा माणूस काय करू शकतो हे आपल्या भागातल्या पोरांना कुणी सांगतच नाही. त्यांना फक्त दंडाचा घेर दाखवतात.

पहिल्या रविवारी आम्ही खाण्याचा हिशेब मांडला. सकाळी चहा-पोहे, दुपारी डब्यात भाकरी-भाजी, रात्री भात-आमटी. पोट भरत होतं, पण दिवसाचं प्रोटीन चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमच्या वर जात नव्हतं. वजनं उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागं साधारण १.६ ग्रॅम लागतं. म्हणजे ५४ किलोच्या पोराला ८६ ग्रॅम, त्याच्या खाण्याच्या जवळजवळ दुप्पट. आपल्या घरात डाळ रोज शिजते म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पाच माणसांच्या आमटीत वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम, तूरडाळ पडते. प्रत्येकाच्या वाट्याला प्रोटीन येतं सहा-सात ग्रॅम. बाकी पाणी, चिंच आणि फोडणी.

मग ताट असं बदललं. तीन अंडी, १८ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, १६. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, २६. साठ ग्रॅम हुलगे (म्हणजे कुळीथ), १३. दोन भाकऱ्यांचे दहा. मूठभर शेंगदाण्यांचे सात. झाले नव्वद. पावडरचा डबा लागला कुठं? ज्याला परवडतं त्यानं व्हे पावडर जरूर घ्यावी, ती दुधातूनच काढतात, त्यात विष नाही. एका चमच्यात वीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन, म्हणजे चार अंड्यांएवढं. पण 'मास गेनर' म्हणून जो मोठा डबा मिळतो, त्यात बहुतेक साखरेच्याच जातीची पूड असते. त्याच पैशात घरी दोन महिने दूध येईल.

हुलग्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मला त्याची खरंच हळहळ वाटते. आपल्याकडं हुलगे शिजवले की पाण्याचा कट आपण पितो आणि शिजलेले हुलगे बैलाला घालतो. शंभर ग्रॅम हुलग्यांत बावीसेक ग्रॅम प्रोटीन असतं, आणि ते कटात थोडंच उतरतं. ते दाण्यात राहतं. माझ्या आईनं आयुष्यभर असंच केलं, तिच्या आईनंही. आता आमच्या घरी कटही होतो आणि हुलग्यांची उसळही. कांदा, लसूण, सुकं खोबरं घालून इतकी चांगली लागते की भाच्याला सांगावं लागत नाही.

मध्येच श्रावण आला. आपल्या घरांत श्रावणात अंडं-मटण बंद, आणि गणपतीसाठी बॉडी करणाऱ्या पोरांचे नेमके हेच आठवडे असतात. कित्येक पोरं या महिन्यात भात आणि साबुदाण्यावर येतात आणि कमावलेलं घालवतात. आईचा नेम मोडायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. अंड्यांऐवजी शंभर ग्रॅम पनीर, त्याचे अठरा ग्रॅम. सोया आणि दूध चालूच. महिनाभरात वजन घटलं नाही, उलट वाढलं.

भात कमी करू नका, हेही सांगतो. मोबाइलवरचे लोक भाताला शत्रू ठरवतात. वजन वाढवायचं तर रोजच्या गरजेपेक्षा तीनेकशे कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. आपल्या पश्चिम भागात एवढा चांगला भात पिकत असताना त्या मिळवायला बाहेर जायची गरज नाही. सैन्यभरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरांना तर जास्तच लागतं. लष्कराच्या मराठा सेंटरच्या मैदानावर १.६ किलोमीटर पळायचं, वर बीमवर पुलअप मारायचे. रिकाम्या पोटी पळून आणि दोन भाकऱ्यांवर दिवस काढून खांदे रुंद होत नाहीत.

आता व्यायाम. आमच्या तालमीत वस्ताद जोर-बैठका मारून घ्यायचे, हौदा उकरायला लावायचे. नुसत्या बैठका सोप्या जायला लागल्या की म्हणायचे, "जोडीदाराला खांद्यावर घे." तो हलका वाटला की त्याच्याहून जड पोरगा. स्नायू वाढण्याचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. ओझं वाढत राहिलं पाहिजे. स्नायूला सवयीपेक्षा जास्त ताण बसला तरच तो वाढतो. वर्षानुवर्षं तेच दोन डंबेल, तेच पंधरा आकडे आणि आरशापुढं वीस मिनिटं, असं करणारे पोरगे मी रोज बघतो. मेहनत करतात बिचारे, पण उचललेलं वजन लिहून ठेवायला त्यांना कुणी वही दिलेली नाही.

भाच्याला मी दोनशे पानांची वही दिली. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी सव्वा तास. बैठका खांद्यावर बार घेऊन, बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, बार डोक्यावर ढकलणं, वाकून बार पोटाकडं ओढणं, पुलअप. प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, दर फेरीत आठ ते दहा वेळा. तिन्ही सेटमध्ये दहा पूर्ण झाले की पुढच्या वेळी अडीच किलो जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा किलोची चकती. नाही झाले तर तेच वजन पुन्हा. शेवटचे एक-दोन आकडे जड जायलाच हवेत, पण पाठ वाकली की तिथंच थांबायचं. दंडाचा वेगळा व्यायाम शेवटी, दहा मिनिटं. जिममध्ये एक कन्नड पोरगा त्याचा जोडीदार झालाय. हा त्याचे आकडे 'एक, दोन' मोजतो, तो याचे 'ओंदु, एरडु'. आता दोघांकडंही वही आहे.

जिम नसली तरी अडत नाही. तीस-चाळीस जोर सहज जायला लागले की ती दमसासाची कसरत होते. तेव्हा पाठीवर वाळूची पिशवी घ्यायची आणि पुन्हा दहा-पंधरावर यायचं.

झोपेवर आमचा सगळ्यात जास्त वाद झाला. पोरगा रात्री एकपर्यंत मोबाइल बघायचा आणि सहाला उठायचा. स्नायू वाढतो तो विश्रांतीत. सात-आठ तास मिळाले नाहीत तर हुलगे खाऊन आणि बार उचलून निम्मं वाया जातं. आता साडेदहाला त्याचा फोन माझ्या कपाटात असतो. क्रिएटिन, म्हणजे ताकदीसाठी घेतात त्या पुडीबद्दल बरेच जण विचारतात. ते उपयोगी आहे, त्यावर भरपूर अभ्यास झालाय, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम पुरतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. आम्ही ते घेतलं नाही, आधी ताट सुधारायचं होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काटा केला. ५६ किलो ८०० ग्रॅम. जूनमध्ये नुसता वीस किलोचा बार घेऊन बसताना त्याचे पाय थरथरायचे, आता पंचावन्न किलो घेऊन दहा बैठका मारतो. जुना शर्ट खांद्यात अडकतो. त्यानं तो धाकट्या भावाला दिला.

आता ते वाईट. आमच्या ओळखीतल्या एका घरात पोराचं वजन दीड महिन्यात भराभर वाढलं, चेहरा गोल झाला, आईला आनंद झाला. एका जिममधून त्याला 'भूक लागायच्या' म्हणून छोट्या गोळ्या मिळत होत्या. तपासणीत साखर वाढलेली निघाली. गोळी डेक्सामेथासोनची होती. हे स्टेरॉइडच, पण स्नायू वाढवणारं नव्हे, दम्याच्या किंवा गंभीर सुजेच्या रुग्णाला डॉक्टर देतात ते. यानं तोंड सुजतं, पाणी आणि चरबी साठते, आणि स्नायू उलट झिजतो. म्हणजे ज्यासाठी पोरगा घेतो, त्याचंच नुकसान. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या इंजेक्शनांनी स्नायू वाढतो हे खरं, पण शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं, वीर्यातले शुक्राणू घटतात, हृदयावर ताण येतो. विशीतल्या पोराला हे कुणी समोर बसवून सांगत नाही.

तुमच्या पोराचं वजन महिन्यात चार-पाच किलोनं वाढलं असेल आणि गाल फुगले असतील, तर त्याची बॅग बघा. गोळ्या सापडल्या तर फेकून देऊ नका आणि मारहाण करू नका. बरेच दिवस चालू असलेली ही गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब घसरून पोरगा कोसळू शकतो. पाकीट हातात घ्या, पोराला बरोबर घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. ती हळूहळू कशी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील.