अपेक्षा कुणी वाढवल्या?

'स्कल अँड बोन्स' या चाचेगिरीच्या व्हिडिओ गेमबद्दल खेळाडूंनी उगाच अवास्तव अपेक्षा ठेवल्या, हा तुमच्या लेखातला सूर अजिबात पटला नाही. २०१७ साली घोषणा, मग तारखांवर तारखा, आणि गेम हातात आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. वर तेव्हा किंमत ७० डॉलर, आणि ती का, तर तो बनवणाऱ्या युबीसॉफ्ट कंपनीचे प्रमुख म्हणे हा 'क्वाड्रुपल ए', म्हणजे बड्या बजेटच्या 'ट्रिपल ए' गेमच्याही वरच्या दर्जाचा गेम आहे. मग अपेक्षा वाढवल्या कुणी?

समुद्र देखणा आहे, यात वाद नाही. वादळात जहाज लाटेवर चढतं तेव्हा खरंच मजा येते, खलाशांची गाणीही झकास. पण शत्रूच्या जहाजाला भिडलात की दोर फेकले जातात, छोटीशी चित्रफीत दिसते आणि थेट लुटीची यादी समोर! तलवार उपसणं नाही, डेकवर झुंज नाही. याच कंपनीच्या २०१३ च्या 'ब्लॅक फ्लॅग' या चाच्यांच्या गेममध्ये हे सगळं होतं हो. इथे झाडंसुद्धा जहाजात बसूनच तोडायची!

गेम आला तेव्हा शेवटच्या टप्प्यात तर चाचेगिरी सोडून वसुलीची कारकुनी सुरू व्हायची. एकेका कारखान्यावर जाऊन नाणी गोळा करा, आणि ती जहाजात असताना फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून थेट दुसऱ्या ठिकाणी पोचण्याची सोय, बंद. बसा वल्हवत.

आणि एक खंत, आपल्यापुरती. सतराव्या शतकातला हिंदी महासागर घेतला, आफ्रिका घेतली, ईस्ट इंडीज घेतलं, पण नकाशात कोकण किनाराच नाही. आंगऱ्यांचं आरमार त्याच काळात उभं राहत होतं की!